डायव्हर्ट : वळवणे, विचलित करणे की विरंगुळा?

प्रश्न असा आहे : 'डायव्हर्ट' हे इंग्रजी क्रियापद आणि 'डायव्हर्शन' हे त्याचे नाम वाहतूक, पाणी, पैसा, लक्ष आणि करमणूक अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या ठिकाणी कसे येते? आणि मराठीत लिहिताना किंवा अनुवाद करताना कुठे कोणता शब्द घ्यायचा?

आधी उच्चार. पहिले अक्षर 'डाय' किंवा 'डि', दोन्ही चालतात. आघात दुसऱ्या अक्षरावर, म्हणजे 'व्हर्ट'वर. नामाचा शेवट ब्रिटिश माणूस 'शन' असा करतो, अमेरिकी माणूस 'झन'कडे झुकतो. मराठीत दोन्ही लेखने दिसतात. मी इथे 'डायव्हर्शन' लिहितो आहे.

शब्दाच्या पोटात लॅटिन 'व्हर्टेरे' आहे, म्हणजे वळणे किंवा फिरवणे. त्याच्या पुढे लागलेला 'डि' बाजूला नेतो. रिव्हर्स, कन्व्हर्ट, व्हर्टिगो ही याच घरातली मंडळी. डायव्होर्स हा शब्दही मुळात 'दोन वाटांना वळणे' यावरूनच आला. हे 'व्हर्टेरे' आणि संस्कृतातला 'वृत्' धातू सख्खे भाऊबंद आहेत, त्यामुळे आपले वर्तन, वर्तुळ, परिवर्तन हेही लांबचे नातेवाईक ठरतात. ही माहिती निव्वळ हौसेची नाही. मूळ चित्र डोळ्यांसमोर ठेवले की अर्थ आपोआप उलगडतात : काहीतरी एका वाटेने चालले आहे, मध्येच कोणीतरी त्याला बाजूला घेतो आणि ते दुसऱ्या वाटेला लागते.

म्हणून वाक्यात 'डायव्हर्ट' दिसला की शब्दकोश उघडण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. काय चालले होते आणि कुठे? कोणी वळवले? आता ते कुठे जाणार? तिन्ही उत्तरे वाक्यात असतील तर मराठीत 'वळवणे' जवळजवळ नेहमी बरोबर बसते. तिसरे उत्तर नसेल, किंवा महत्त्वाचे नसेल, तर 'वळवणे' लंगडे पडते आणि दुसरा शब्द शोधावा लागतो. अनुवादातल्या बहुतेक चुका इथेच होतात.

सगळ्यांच्या पाहण्यातले उदाहरण म्हणजे रस्त्यावरची पाटी. 'डायव्हर्शन अहेड' याचे मराठी 'पुढे वळण आहे' असे केलेले आढळते, आणि ते धोकादायक आहे. मराठी चालकाच्या डोक्यात 'वळण' म्हणजे रस्त्याचा बाक, घाटातले धोक्याचे वळण. तो वेग थोडा कमी करेल आणि सरळ रस्ता पुढे चालूच आहे असे धरून चालेल. प्रत्यक्षात रस्ता बंद असतो आणि गाडी डावीकडच्या कच्च्या पट्टीवर घ्यायची असते. पाटीने दोन गोष्टी सांगायला हव्यात : हा रस्ता बंद, आणि जायचे इकडून. 'पुढे रस्ता बंद, पर्यायी रस्ता डावीकडे' हे शब्द थोडे जास्त आहेत, पण चालकाला जे हवे ते त्यात आहे. जागा फारच कमी असेल तर 'पर्यायी रस्ता' आणि बाण.

इथेच शेजारचे दोन शब्द वेगळे करून ठेवावेत. 'बायपास'ला मराठीत 'बाह्यवळण' रुळले आहे. तो गावाबाहेरून गेलेला कायमचा रस्ता, डायव्हर्शन नव्हे. 'डीटूर' म्हणजे 'वळसा'. वळसा प्रवासी स्वतः घालतो, वाहतूक मात्र दुसरा कोणी वळवतो. अमेरिकेत रस्त्याच्या पाटीवर 'डीटूर' लिहितात आणि ब्रिटनमध्ये व भारतात 'डायव्हर्शन', त्यामुळे अमेरिकी मजकुराचा अनुवाद करताना पाटीपुरते दोन्ही एकच समजायला हरकत नाही. पण 'आम्ही वाटेत आजीकडे डीटूर घेतला' या वाक्यात 'वाट वाकडी केली' हेच मराठी. तिथे 'वळवणे' आणले तर वाक्य मरते.

रेल्वे आणि विमानाच्या बातम्यांत 'वळवले' एवढे लिहून भागत नाही. जुलै २०२४ मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी झिरपल्याने कोकण रेल्वेची वाहतूक थांबली आणि काही गाड्या पुणे, मिरज, लोंढा या वाटेने मडगावला नेण्यात आल्या. अशा वेळी 'गाडी वळवलेल्या मार्गाने धावेल' ही सूचना मडगावला उतरणाऱ्यासाठी पुरेशी आहे, पण चिपळूण किंवा कुडाळला उतरणाऱ्यासाठी तिचा अर्थ 'तुमची गाडी तुमच्या स्टेशनवर येणारच नाही' असा होतो. इंग्रजी सूचनेत हे 'डायव्हर्टेड व्हाया' या दोन शब्दांत गृहीत धरलेले असते. मराठीत ते उघड करून लिहावे : गाडी कोणत्या मार्गाने जाईल आणि कोणत्या स्थानकांवर थांबणार नाही.

विमानाचे तसेच. 'फ्लाइट डायव्हर्टेड टू अहमदाबाद' म्हणजे विमान मुंबईला उतरू न शकल्याने अहमदाबादला उतरवले. 'अहमदाबादकडे वळवले' एवढेच लिहिले तर ते उतरले की नुसते तिकडे निघाले हे कळत नाही. 'मुंबईऐवजी अहमदाबादला उतरवले' हे नेमके. निघालेल्या विमानतळावरच परत आले तर ते डायव्हर्शन नाही, 'माघारी फिरले'. 'ऑल्टरनेट' म्हणजे पर्यायी विमानतळ. तो उड्डाणाच्या आराखड्यात आधीच ठरलेला असतो आणि इंधनाचा हिशेब त्यावरच बेततात : ठरलेल्या ठिकाणापर्यंतचे, तिथून पर्यायी विमानतळापर्यंतचे, आणि जेट विमानाला त्यावर आणखी ३० मिनिटे घिरट्या घालता येतील इतके शेवटचे राखीव इंधन. त्यामुळे 'डायव्हर्शन' या शब्दातच संकट आहे असे समजून 'विमानाचे आपत्कालीन लँडिंग' असा मथळा देणे चूक आहे. आणीबाणी वेगळी आणि हवामानामुळे दुसरीकडे उतरणे वेगळे. ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेचे आकाश बंद झाल्यावर कॅनडातल्या गँडर या लहानशा गावी ३८ प्रवासी विमाने उतरवली गेली. त्या विमानांत बिघाड नव्हता, त्यांची वाट बंद झाली होती.

पाण्याच्या बाबतीत मराठी इंग्रजीपेक्षा श्रीमंत आहे, म्हणून इथे इंग्रजी शब्दामागे धावण्याची गरजच नाही. शेतकरी दारे धरतो, म्हणजे पाटाचे पाणी एका सरीत पुरेसे झाले की खोऱ्याने मातीचा बांध फोडून पुढच्या सरीत घेतो. 'डायव्हर्ट' या क्रियेचे याहून स्वच्छ चित्र सापडणार नाही : प्रवाह तोच, कर्ता ठरलेला, नवी वाट ठरलेली. मोठ्या प्रमाणावर हेच काम 'वळण बंधारा' करतो. वळण बंधारा आणि साठवण बंधारा यांत गल्लत करू नये. वळण बंधाऱ्याचा हेतू पाणी अडवून ठेवण्याचा नसतो. नदीची पातळी थोडी उंचावून पाणी पाटात किंवा कालव्यात शिरेल एवढेच त्याला साधायचे असते. धुळे आणि नाशिकच्या भागातल्या पांझरा, मोसम या नद्यांवरची फड पद्धत, म्हणजे गावाने मिळून करायची सिंचनाची पद्धत, अशाच बंधाऱ्यांवर उभी राहिली. अहवालात 'डायव्हर्शन वीअर'चे 'वळण धरण' केले तर वाचणारा जलसाठा शोधत बसतो.

एका खोऱ्यातले पाणी दुसऱ्या खोऱ्यात नेणे यालाही इंग्रजीत डायव्हर्शनच म्हणतात. कोयनेचे पाणी हे आपल्याकडचे ठळक उदाहरण. कृष्णेच्या खोऱ्यात पूर्वेला वाहून जाणारे पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला पोफळीकडे सोडले जाते आणि वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळते. कृष्णा पाणीवाटपाच्या बच्छावत लवादाने त्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली. इथे 'पाणी पश्चिमेकडे वळवणे' हेच शब्द हवेत. 'पाण्याचे स्थलांतर' किंवा 'पाण्याचे विचलन' असले काही लिहू नये. विशेषतः 'विचलन' टाळावे. तो शब्द मराठीत 'डीव्हिएशन'ला दिला गेला आहे (संख्याशास्त्रातले प्रमाण विचलन), आणि एका शब्दावर दोन ओझी टाकली की तांत्रिक मजकुरात घोटाळा होतो.

आता पैसा. इथे शब्दाची निवड चुकली तर अब्रूनुकसानीची नोटीस येऊ शकते, म्हणून जरा सविस्तर.

'डायव्हर्शन ऑफ फंड्स' म्हणजे ज्या कारणासाठी पैसा मिळाला ते सोडून दुसऱ्या कारणासाठी तो वापरणे. यात चोरी अध्याहृत नाही. कर्जदारांविषयीच्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत हा फरक स्पष्ट आहे. खेळत्या भांडवलासाठी घेतलेले अल्पमुदतीचे कर्ज मंजुरीच्या अटी मोडून दीर्घकालीन मालमत्तेत घालणे, मंजूर कारणाऐवजी दुसरीकडे वापरणे, समूहातल्या दुसऱ्या कंपनीकडे पाठवणे, कर्ज देणाऱ्या बँकेच्या परवानगीवाचून ते दुसऱ्याच बँकेतून फिरवणे, हे सगळे डायव्हर्शन. त्याच निर्देशांत 'सायफनिंग' हा वेगळा शब्द आहे. व्यवसायाशी ज्याचा संबंधच नाही अशा कामासाठी पैसा काढून घेणे आणि त्यातून कंपनीच्या किंवा बँकेच्या आर्थिक प्रकृतीला धक्का लावणे, असा त्याचा अर्थ. पहिल्याला मराठीत 'निधी वळवणे', दुसऱ्याला 'निधी काढून नेणे' किंवा 'निधी बाहेर पळवणे'. दोन्हींना मिळून 'अपहार' लिहिणे सर्रास चालते आणि ते चुकीचे आहे. अपहार हा गुन्ह्याचा आरोप आहे. कारखान्याने खेळत्या भांडवलातून यंत्र विकत घेतले तर ते डायव्हर्शन आहे, नियमभंगही आहे, पण यंत्र कारखान्यातच उभे आहे. त्याला अपहार म्हणता येत नाही.

सरकारी हिशेबात आणखी एक पायरी आहे. अर्थसंकल्पातल्या एकाच अनुदान-मागणीतल्या एका खर्चशीर्षाखाली उरलेली रक्कम सक्षम अधिकाऱ्याच्या मंजुरीने दुसऱ्या शीर्षाखाली नेली तर ते 'पुनर्विनियोजन', इंग्रजीत 'रीअप्रोप्रिएशन'. मंजुरी न घेता किंवा मूळ हेतू डावलून नेली तर 'निधी वळवला'. म्हणजे वाक्य लिहिण्याआधी कागद पाहावा : मंजुरी आहे का, हेतू बदलला का, पैसा संस्थेत राहिला का. या तीन उत्तरांवरून शब्द ठरतो.

'वळती करणे' हा शब्द 'वळवणे'चाच भाऊ वाटतो, पण बँक आणि साखर कारखान्यांच्या व्यवहारात त्याचा अर्थ निराळा आहे. 'उसाच्या बिलातून कर्जाचा हप्ता वळता करून घेतला' म्हणजे येणे रकमेतून देणे कापून घेतले. इंग्रजीत याला 'अ‍ॅडजस्ट' किंवा 'सेट ऑफ' म्हणतील, 'डायव्हर्ट' नव्हे. त्यामुळे 'अनुदानाची रक्कम कर्जखात्यात वळती केली' या मराठी वाक्याचा इंग्रजी अनुवाद 'डायव्हर्टेड' असा केला तर बँकेवर नसलेला ठपका येतो. उलट वन खात्याच्या कागदांत 'वनजमिनीचे वळतीकरण' हा 'डायव्हर्शन ऑफ फॉरेस्ट लँड'साठीच वापरलेला शब्द आहे. १९८० च्या वन संवर्धन कायद्यानुसार वनजमीन वनेतर कामासाठी वापरायची तर केंद्राची पूर्वपरवानगी लागते, ती ही प्रक्रिया. जमीन कुठेच हलत नाही, तिचा वापर वळतो. हे ध्यानात घेऊन बातमीत 'वनजमीन धरणासाठी वापरण्यास मंजुरी' असे सरळ लिहिले तर वाचकाला लगेच कळते. अर्जात मात्र अधिकृत शब्दच ठेवावा.

इंदूर-जबलपूरकडच्या मराठी माणसांसाठी एक जोड : मध्य प्रदेशात 'जमिनीचे डायव्हर्शन' म्हणजे महाराष्ट्रातली बिगरशेती परवानगी, आपल्या तोंडातले 'एनए'. तिकडच्या सरकारी हिंदीत त्याला 'व्यपवर्तन' म्हणतात. दोन राज्यांतल्या कागदपत्रांचा अनुवाद करताना हा शब्द हमखास अडकवतो.

प्राप्तिकराच्या कायद्यातही 'डायव्हर्शन'चा एक फार सूक्ष्म उपयोग आहे, आणि तो समजला की शब्दाचा गाभाच समजतो. सीतलदास तीरथदास यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न होता की पत्नी व मुलांना द्यावी लागणारी पोटगी उत्पन्नातून वजा होईल का. १९६१ च्या निकालपत्रिकेत आलेल्या या निवाड्याने भेद असा केला : उत्पन्न करदात्याच्या हाती पोचण्याआधीच एखाद्या बंधनामुळे दुसऱ्याकडे वळत असेल तर ते त्याचे उत्पन्नच नव्हे. हाती आल्यावर त्याने ते देणे फेडायला वापरले तर तो उत्पन्नाचा विनियोग, आणि कर लागतो. पोटगी दुसऱ्या प्रकारात बसली. पाटाच्या भाषेत सांगायचे तर पाणी आपल्या शेतात शिरण्याआधीच शेजाऱ्याच्या सरीत गेले, की आपल्या विहिरीत साठल्यावर आपण ते शेजाऱ्याला दिले, असा हा फरक. 'डायव्हर्ट' म्हणजे पोचण्याआधी. पोचल्यावर जे होते त्याला दुसरे शब्द आहेत.

इथून लक्षाकडे येऊ, कारण प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग तोच आहे.

'डायव्हर्ट अटेन्शन'चे मराठी 'लक्ष वळवणे' असे पटकन सुचते, पण त्यात एक खोच आहे. मराठीत 'लक्ष वळवणे' हा बहुधा कशाकडे तरी लक्ष नेण्याचा वाक्प्रयोग आहे : 'निवृत्तीनंतर त्यांनी शेतीकडे लक्ष वळवले.' इंग्रजीत 'डायव्हर्ट अटेन्शन' नेहमी कशापासून तरी दूर नेते. म्हणून 'पासून' किंवा 'वरून' हा भाग मराठीत सांगावाच लागतो : 'महागाईवरून लोकांचे लक्ष उडवण्यासाठी', 'मूळ प्रश्नावरून लक्ष दुसरीकडे नेण्यासाठी'. वादात किंवा भाषणात हे घडते तेव्हा मराठीकडे याहून चांगले शब्द आहेत. उत्तर टाळले तर 'प्रश्नाला बगल दिली', भलतेच मुद्दे काढले तर 'विषयाला फाटे फोडले', बोलणारा स्वतःच वाहवत गेला तर 'विषयांतर झाले'. हे तिन्ही इंग्रजीत 'डायव्हर्ट'खाली येऊ शकतात, पण पहिल्या दोनांत हेतू आहे, तिसऱ्यात नाही. हेतू आहे की नाही, हे ठरवल्याशिवाय शब्द निवडू नये.

'डिस्ट्रॅक्ट' आणि 'डायव्हर्ट' यांतला फरकही मुळातूनच कळतो. 'डिस्ट्रॅक्ट'च्या मुळाशी ओढणे आहे, लक्ष ओढून फाडणे. 'डायव्हर्ट'मध्ये वळवणे आहे. गाडी चालवताना फोन वाजला तर लक्ष विचलित होते, ते कोणी कुठे नेलेले नसते. पाकीटमाराचा साथीदार मुद्दाम धक्का देऊन 'सॉरी काका' म्हणतो तेव्हा लक्ष वळवलेले असते, कारण कुठे वळवायचे हे त्याने आधीच ठरवलेले असते. मराठी पोलिसी बातमीत याला 'बोलण्यात गुंतवून' हा पक्का शब्दप्रयोग आहे : 'वृद्धेला बोलण्यात गुंतवून दागिने लंपास'. अनुवादकाने असे शब्द हाताशी ठेवावेत. जादूगाराच्या 'मिसडायरेक्शन'ला 'नजरबंदी' जवळची आहे, पण त्यात भारून टाकण्याची छटा येते. म्हणून तंत्र समजावून सांगताना 'प्रेक्षकांची नजर दुसऱ्या हाताकडे खेचणे' असे वर्णनच द्यावे.

'विचलित'बद्दल आणखी एक. वाहिन्यांवर 'ही दृश्ये तुम्हाला विचलित करू शकतात' अशी पट्टी येते. तिथे अर्थ अस्वस्थ करणे असा आहे. म्हणजे 'विचलित' एकटे वापरले तर मराठी वाचकाला आधी मनाची खळबळ सुचते. लक्ष म्हणायचे असेल तर 'लक्ष विचलित होणे' असे दोन्ही शब्द ठेवा.

फोनच्या बाबतीत 'कॉल डायव्हर्ट' आणि 'कॉल फॉरवर्ड' एकच. मराठीत 'कॉल दुसऱ्या क्रमांकावर वळवणे'. या सोयीचा गैरवापर असा होतो : समोरचा माणूस कुरियरचा किंवा दूरसंचार कंपनीचा असल्याचे भासवून स्टार, ४०१, स्टार आणि पुढे एक मोबाइल क्रमांक दाबायला लावतो. आपले सगळे कॉल त्या क्रमांकावर जाऊ लागतात आणि फोनवर सांगितला जाणारा ओटीपी चोराच्या कानी पडतो. म्हणूनच दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून अशा यूएसएसडी कोडने कॉल वळवण्याची सोय थांबवायला लावली. या विषयावरच्या जनजागृतीच्या मजकुरात 'कॉल डायव्हर्ट होतात' एवढे लिहून थांबू नये. 'तुमचे कॉल चोराच्या फोनवर जातात' असे लिहावे.

संगणकातल्या 'रीडायरेक्ट'ला मराठी विकिपीडियावर 'पुनर्निर्देशन' म्हणतात. रीडायरेक्ट योग्य ठिकाणी पोचवण्यासाठी असते, जुन्या पत्त्यावरून नव्यावर. डायव्हर्टमध्ये नवे ठिकाण योग्यच असेल अशी हमी नसते.

आता सर्वांत गोंधळात टाकणारा अर्थ : करमणूक. इंग्रजीत 'अ प्लेझंट डायव्हर्शन' म्हणजे छानसा विरंगुळा, आणि 'डायव्हर्टिंग' हे विशेषण म्हणजे गमतीचे, मन रमवणारे. स्पॅनिशमध्ये तर 'दिव्हेर्तिदो' म्हणजे सरळ 'मजेशीर'. वळवण्यातून मजा कशी आली? ज्याला वळवायचे ते मन, आणि ज्यापासून वळवायचे ते काम, काळजी, कंटाळा. इंग्रजीत हेच चित्र इतर शब्दांतही आहे. 'स्पोर्ट' हा शब्द 'कामापासून दूर नेणे' या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दावरून आला, आणि 'अम्यूझ'चा एक जुना अर्थ भुलवून लक्ष काढून घेणे असा होता. करमणूक आणि फसवणूक एकाच दारातून आत आल्या आहेत.

मराठी आईला हे समजावून सांगावे लागत नाही. 'तो बघ काऊ' म्हणत ती घास भरवते तेव्हा मुलाचे लक्षही वळवते आणि त्याला रिझवतेही. एकाच कृतीत 'डायव्हर्ट'चे दोन्ही अर्थ आहेत. मराठीने मात्र त्यांना वेगवेगळे शब्द दिले : भुलवणे आणि रिझवणे. म्हणून अनुवाद करताना एकच शब्द धरून बसता येत नाही. मला 'डायव्हर्शन'साठी 'विरंगुळा' हा मराठीतला सर्वांत नेमका शब्द वाटतो, कारण 'मनोरंजन' किंवा 'करमणूक' यांत ओझे उतरल्याची भावना नाही, ती 'विरंगुळ्या'त आहे. आजारी माणसाला वाचून दाखवणे हा विरंगुळा, तिकीट काढून पाहिलेले नाटक ही करमणूक. 'अ डायव्हर्टिंग ईव्हनिंग'चे 'विचलित करणारी संध्याकाळ' असे मराठी यांत्रिक अनुवादातून बाहेर पडू शकते. अर्थ नेमका उलटा होतो. हे विशेषण आजच्या इंग्रजीत थोडे जुन्या वळणाचे आहे आणि त्यातली स्तुती हलकी असते. 'डायव्हर्टिंग' पुस्तक म्हणजे वेळ छान गेला एवढेच, ते थोर आहे असे नव्हे. म्हणून 'रंजक' चालेल, 'अप्रतिम' नको.

युद्धातल्या 'डायव्हर्शन'ला मराठीत अस्सल शब्द आहे : हूल. शत्रूला एकीकडे गुंतवून दुसरीकडे घाव घालणे किंवा निसटणे. जुलै १६६० मध्ये पन्हाळ्याहून शिवाजी महाराज विशाळगडाकडे निघाले तेव्हा शिवा काशीद महाराजांच्या वेषात दुसऱ्या पालखीत बसले आणि पाठलाग करणारे त्यांच्यामागे गेले. त्यांनी या कामी प्राण दिले. १६६३ च्या एप्रिलमध्ये लाल महालातल्या शाइस्तेखानावरच्या छाप्यानंतर बैलांच्या शिंगांना पलिते बांधून ते कात्रजच्या घाटाकडे सोडले आणि मोगल त्या उजेडामागे धावले, असे परंपरेने सांगतात. 'कात्रजचा घाट दाखवणे' हा वाक्प्रचार तिथूनच आल्याचे मानले जाते. बोलीभाषेतल्या 'त्यांनी आम्हाला सफाईने डायव्हर्ट केले' या वाक्याला हा वाक्प्रचार चपखल बसतो, पण तो फसवणुकीसाठीच राखून ठेवावा. लष्करी लेखनात 'डायव्हर्शनरी अटॅक' म्हणजे 'हुलीचा हल्ला'. त्यात खरी लढाई होते, फक्त ती मुख्य नसते. 'फेंट' म्हणजे नुसती हुलकावणी.

दोन क्षेत्रांत 'वळवणे' वापरताना जास्त काळजी लागते. शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रात 'युरिनरी डायव्हर्शन' येते. मूत्राशय काढावे लागते तेव्हा लहान आतड्याचा साधारण १५ सेंटीमीटरचा तुकडा घेऊन त्यातून लघवी पोटावरच्या छिद्रापर्यंत आणतात आणि तिथे पिशवी लावतात. ही एक पद्धत. 'मूत्रविचलन' लिहिले तर रुग्णाला काहीच कळणार नाही. 'लघवी बाहेर पडण्याची वाट बदलणे' असे लिहून पुढे छिद्र आणि पिशवी यांचा उल्लेख करावाच, कारण संमती त्याच गोष्टीला द्यायची असते. ही वाट कायमची की तात्पुरती, हेही इंग्रजी शब्दात नसते. ते डॉक्टरांना विचारून लिहावे.

दुसरे क्षेत्र बाल न्यायाचे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ३ मध्ये 'डायव्हर्शन'चे तत्त्व आहे : विधिसंघर्षग्रस्त बालकाचे, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलाचे, प्रकरण शक्यतो न्यायालयीन कार्यवाहीचा आधार न घेता हाताळावे, मात्र बालकाच्या किंवा समाजाच्या हितासाठी तशी कार्यवाही आवश्यक असेल तर गोष्ट वेगळी. 'मुलांना विचलित करण्याचे तत्त्व' असा अनुवाद तर भयानकच. 'मुलांना वळण लावण्याचे तत्त्व' हेही नको. ऐकायला गोड वाटते, पण कायदा संस्कारांबद्दल बोलत नाही, कार्यवाहीच्या वाटेबद्दल बोलतो. 'न्यायिक कार्यवाहीऐवजी पर्यायी मार्गाचे तत्त्व' हे नेमके.

'वळण' या शब्दाचे मराठीतले गोत लक्षात ठेवले तर अशा चुका टळतात. अक्षराला वळण असते, मुलाला वळण लावतात, लाडू वळतात, आणि गुराखी गुरे वळतो. गुरे वळणे म्हणजे त्यांना राखणे, पिकात न जाऊ देणे. या सगळ्यांत आकार देणे किंवा ताब्यात ठेवणे आहे, आणि ते इंग्रजी 'डायव्हर्ट'मध्ये नाही. उलट 'डायव्हर्ट'मध्ये मूळ वाट सुटल्याची नोंद आहे, जी 'वळण लावणे'त नाही.

दिसायला सारखे शब्दही वेगळे ठेवा. 'डायव्हर्सिफिकेशन' म्हणजे विविधीकरण, म्हणजे एका पिकाऐवजी अनेक पिके. 'डायव्हर्जन्स' म्हणजे दोन गोष्टी एकमेकींपासून दूर जाणे. भौतिकशास्त्रात त्यासाठी 'अपसारी' आहे, अपसारी भिंगातला. 'डिफ्लेक्ट' म्हणजे आदळून दिशा बदलणे, जसा बॅटची कड घेऊन गेलेला चेंडू.

शेवटी व्याकरणातली एक अडचण, कारण ती कचरा व्यवस्थापनाच्या प्रत्येक अहवालात भेटते. इंग्रजीत 'डायव्हर्ट वेस्ट फ्रॉम लँडफिल' म्हणतात. याचे 'क्षेपणभूमीतून कचरा वळवणे' असे शब्दशः मराठी केले की अर्थ बदलतो. मराठीत 'तून' आले म्हणजे कचरा तिथे पोचला होता आणि आता बाहेर काढला. इंग्रजी वाक्यात तो तिथे पोचलेलाच नाही. 'क्षेपणभूमीवर जाणारा कचरा खतनिर्मितीकडे वळवणे' किंवा 'कचरा डेपोवर जाऊ न देता त्याचे खत करणे' असे लिहावे. 'डायव्हर्शन रेट' हे गुणोत्तरही तसेच : एकूण कचऱ्यापैकी डेपोवर न गेलेल्या कचऱ्याचा टक्का. १०० टन कचरा निर्माण झाला आणि ६० टन डेपोवर गेला तर हा दर ४० टक्के. जुन्या डेपोचे ढीग उपसून बाहेर काढलेला कचरा यात धरत नाहीत. तो धरला की नगरपालिकेचा आकडा फुगतो, आणि बऱ्याचदा तो फुगण्यामागे 'तून' हा एक प्रत्यय असतो.